माल जर्मनीत पडून, कर भरायचा कुठे?

सप्रेम नमस्कार काका,

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आले, त्याला आता आठ वर्षं होतील. दादाची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, शेजारीच मशीन शॉप. तीन वर्षांपूर्वी मी इथे छोटी कंपनी काढली. दादा न्हावा-शेवाहून कंटेनर पाठवतो, रॉटरडॅमला माझी कंपनी तो सोडवून घेते आणि पंपाची कास्टिंग्ज इथल्या कारखान्यांना विकते.

गेल्या वर्षी जर्मनीतला एक पंप कारखाना जोडला गेला. त्यांची अट अशी, की माल त्यांच्याच गोदामात आणून ठेवायचा, लागेल तसा ते उचलणार आणि उचललेल्या मालाचं महिनाअखेर बिल करायचं. तसा लेखी करार झाला. पहिला ट्रक ९ सप्टेंबर २०२५ ला पोचला, नंतर आणखी दोन गेले. पैसे वेळेवर येतात. बिल झालं की आमचे हिशेबनीस जर्मनीला विक्री दाखवतात, शून्य टक्के व्हॅटने. मागच्या आठवड्यात कारखान्याच्या अकाउंट्समधून ईमेल आली: "आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्या मालाच्या रजिस्टरचा उतारा पाठवा, ताळा करायचा आहे." माझ्याकडे असं रजिस्टरच नाही.

दादा म्हणतो, आपलाच माल आपण एका गोदामातून दुसऱ्या गोदामात ठेवला, विक्री झालीच नाही तर कर कसला? आणि युरोप एकच बाजार आहे ना? पहिल्या ट्रकमधले जुन्या मॉडेलच्या इम्पेलरचे चार पॅलेट अजून तसेच पडून आहेत. जर्मनीतलाच दुसरा कारखाना त्यातले दोन घ्यायला तयार आहे. त्यात दादाच्या डोक्यात आलंय, की पोलंडमध्ये भाड्याच्या गोदामात माल टाकायचा आणि तिकडे गिऱ्हाईक शोधायचं. मला रात्र रात्र झोप लागत नाही. आम्ही काही गुन्हा केलाय का?

तुमची एक वाचक, आइंडहोवन

*

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुम्ही कर बुडवलेला नाही. माल कुठे आहे, किती आहे, कोणी उचलला, हे सगळं कागदोपत्री आहे आणि बिलंही झालेली आहेत. चुकली आहे ती एक नोंद. ही नोंद बारीक दिसली तरी कायद्याच्या दृष्टीने मोठी आहे, म्हणून ती आत्ताच निस्तरायला हवी. निस्तरता येते.

दादांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण पूर्वी आपल्याकडेही सगळे हेच विचारायचे. मी पंचवीस वर्षांपूर्वी मिरजेच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. आमचा माल इंदूर आणि हैदराबादच्या डेपोंत जायचा. आपलाच माल, आपलाच डेपो, पण केंद्रीय विक्रीकराच्या कायद्यात ती विक्री नाही हे सिद्ध करायला डेपोकडून एफ फॉर्म आणावा लागे. एका महिन्याच्या पाठवणीला एक फॉर्म. फॉर्म हातात नसेल तर असेसमेंटला ती सरळ विक्रीच धरली जायची, माल डेपोत डोळ्यांसमोर दिसत असला तरी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एफ फॉर्म गेले, पण मुद्दा राहिला. आज दादांनी शिरोलीचा माल कागल ओलांडून निपाणीच्या स्वतःच्या डेपोत नुसता ठेवला, तरी दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात आणि आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, लावावा लागतो. एका देशात, एका पॅनवर हे होतं. मग दोन देशांत वेगळं कसं होईल?

युरोप एकच बाजार आहे हे खरं. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय संघातल्या देशांच्या आपसातल्या सीमांवरची जकात तपासणी गेली. आइंडहोवनहून निघालेला ट्रक जर्मनीत शिरतो तेव्हा ड्रायव्हरला जकातीसाठी थांबावं लागत नाही. पण व्हॅट ज्याच्या त्याच्या घरचाच राहिला. नेदरलँड्समध्ये २१ टक्के, जर्मनीत १९, पोलंडमध्ये २३, लक्झेंबर्गमध्ये १७, हंगेरीत २७. प्रत्येकाचं करखातं वेगळं, विवरणपत्र वेगळं. नाका दिसत नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो, आणि तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांचा घोटाळा नेमका तिथेच होतो.

युरोपीय संघाच्या २००६ च्या व्हॅट निर्देशाचं १७ वं कलम सांगतं, की व्यापाऱ्याने आपला माल धंद्यासाठी संघातल्या दुसऱ्या देशात नेला, तर ती मोबदला घेऊन केलेली विक्रीच समजायची. विकणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. निघाला त्या देशात ती शून्य टक्क्याची विक्री आणि पोचला त्या देशात तुमची खरेदी. ती खरेदी दाखवायची तर पोचल्या देशात व्हॅट नोंदणी हवी. म्हणजे मूळ नियम असा, की जर्मनीत माल ठेवणाऱ्या डच कंपनीने जर्मनीत नोंदणी करावी, तिथे विवरणपत्रं भरावीत आणि तिथल्या गिऱ्हाइकाला १९ टक्के लावून बिल द्यावं.

एका गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप छोट्या व्यापाऱ्याला झेपत नाही. म्हणून १ जानेवारी २०२० पासून त्याच निर्देशात १७ अ हे कलम आलं. त्याआधी प्रत्येक देशाची सवलत वेगवेगळी होती, काहींकडे नव्हतीच. आता सगळीकडे सारखी आहे. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल आणि माल फक्त त्याच्या सोयीसाठी त्याच्या देशात नेऊन ठेवला असेल, तर नेला त्या दिवशी काहीच घडलं नाही असं मानायचं. गिऱ्हाइकाने उचलला त्या दिवशी नेदरलँड्समधून थेट त्याला शून्य टक्क्याने विक्री झाली असं धरायचं आणि जर्मन व्हॅटचा हिशेब त्याने स्वतःच्या विवरणपत्रात करायचा. जर्मन लोक अशा साठ्याला कोन्सिग्नात्सिओन्सलागर म्हणतात. हाच शब्द ते गिऱ्हाईक न ठरलेल्या साठ्यालाही वापरतात, म्हणून समोरचा हा शब्द बोलला की कुठल्या साठ्याबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

तुमचे हिशेबनीस बिलं याच पद्धतीने करत आले आहेत, आणि पद्धत बरोबर आहे. फक्त तिच्या अटी पुऱ्या झाल्या का, हे कोणी पाहिलेलं नाही.

करार आधी झालेला हवा. तो तुमच्याकडे आहे. ट्रक निघतानाच गिऱ्हाईक कोण आणि त्याचा जर्मन व्हॅट नंबर काय, हे ठाऊक हवं. करारावर नंबर असेल तर तेही झालं. जर्मनीत तुमचं स्वतःचं ऑफिस, स्वतःची माणसं असा कायमचा ठिय्या नको. गोदाम कारखान्याचं आहे, त्यामुळे तिथेही अडचण नाही. माल संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात गेलेला हवा. तुमचा माल रॉटरडॅमला सुटून आधी नेदरलँड्समध्ये आला आणि मग जर्मनीला गेला, हे फार बरं झालं. भाडं वाचवायला उद्या दादा म्हणतील की कंटेनर थेट हॅम्बुर्गला लावू. तसं करू नका. शिरोलीहून थेट जर्मनीत आयात झालेल्या मालाला ही सवलत मुळीच मिळत नाही. ती जर्मनीतली आयात, मग जर्मनीतली स्थानिक विक्री, आणि त्यासाठी तिथली नोंदणी. शिवाय रॉटरडॅमला तुमच्याकडे आर्टिकल २३ चा परवाना असेल तर आयातीवरचा व्हॅट रोख भरावा लागत नाही, विवरणपत्रातच इकडून तिकडे होतो. नसेल तर आजच अर्ज करा, २१ टक्के रक्कम अडकून पडते ती वाचेल.

आता उरलेली अट. ती दुहेरी आहे आणि तुमच्याकडून तीच राहिली. एक, माल हलवल्याची नोंद रजिस्टरमध्ये करायची. दोन, ज्या मुदतीत माल हलला त्याच मुदतीच्या आयसीपी विवरणात (संघातल्या इतर देशांतल्या व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीचं डच करखात्याला द्यायचं विवरण) गिऱ्हाइकाचा व्हॅट नंबर दाखवायचा. रक्कम नाही, नुसता नंबर, त्या विवरणातल्या साठ्याच्या वेगळ्या भागात. पुढे माल उचलला गेला की नेहमीच्या भागात रकमेसह विक्री दाखवायची. तुमच्या हिशेबनिसांनी ही विक्री दाखवली, पण त्याआधीच्या या दोन नोंदी केल्या नाहीत. कायद्याने या दोन्ही नोंदींना अटीचाच दर्जा दिला आहे. अट तुटली की सवलत गेली, आणि मग ९ सप्टेंबर २०२५ चा ट्रक १७ व्या कलमाखाली जाऊन पडतो. एफ फॉर्म नसला की डेपोतला माल विक्री ठरायचा, तसंच.

रजिस्टर म्हणजे काय, ते जवळून दाखवतो, कारण नियमात लिहिलेलं वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. जर्मनीतल्या एका गोदामात मी पाहिलं होतं. काचेच्या केबिनमध्ये स्टोअरकीपर बाई बसायच्या. पॅलेट फोर्कलिफ्टवरून उतरला की त्या स्वतः उठून यायच्या, प्लॅस्टिकच्या गुंडाळीवर पिवळं लेबल चिकटवायच्या आणि त्यावर जाड मार्करने तीनच गोष्टी लिहायच्या: कोणाचा माल, कोणत्या दिवशी आला, कोणत्या दिवसापर्यंत हलला पाहिजे. तिसरी तारीख लाल मार्करने. मग ट्रकच्या सीएमआर कागदाच्या, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीच्या, २४ व्या चौकटीत माल मिळाल्याची सही, शिक्का आणि तीच तारीख. पाठवणाऱ्याच्या रजिस्टरमधली तारीख या कागदावरून घेतलेली. तीन जागी एकच तारीख, म्हणून वाद घालायला जागाच नव्हती.

तुमच्या रजिस्टरला साधी एक्सेल शीट पुरते. प्रत्येक पाठवणीची एक ओळ: माल कोणत्या देशातून कधी निघाला, कोणासाठी आणि त्याचा व्हॅट नंबर, कोणत्या देशात, कोणत्या पत्त्यावरच्या गोदामात कधी पोचला, गोदाम तिसऱ्याचं असेल तर त्याचा व्हॅट नंबर, मालाचं वर्णन, नग आणि किंमत. त्याच ओळीपुढे किती नग कधी उचलले आणि किती किमतीला विकले, किती परत आले, गिऱ्हाईक बदललं तर नव्याचा नंबर. कारखान्यालाही स्वतःचं रजिस्टर ठेवणं बंधनकारक आहे, म्हणूनच त्यांनी ताळा मागितला. त्यांच्या ईमेलला घाबरू नका. त्यांच्याकडे तारखा आहेत, आणि तुम्हाला आत्ता तारखांचीच गरज आहे.

आता या आठवड्यात काय करायचं ते. तिन्ही ट्रकचे सीएमआर, पॅकिंग लिस्ट, कराराची प्रत आणि कारखान्याकडून दर महिन्याला आलेले उचलीचे तक्ते काढा. त्यावरून रजिस्टर तयार करा आणि वरच स्पष्ट लिहा, की ही नोंद अमुक तारखेला मूळ कागदांवरून तयार केली. मागची तारीख टाकू नका. हे मी कळकळीने सांगतो आहे. राहून गेलेली नोंद ही चूक असते आणि चूक दुरुस्त होते. मागची तारीख टाकलेली वही ही बनावट असते, आणि एक्सेल फाइल कधी तयार झाली ते तपासायला कोणालाही दोन मिनिटं लागतात. तुमची आजची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे तुमचा सच्चेपणा. घाबरून तोच घालवू नका.

मग डच करसल्लागाराला गाठा. नुसता हिशेबनीस इथे पुरणार नाही, व्हॅटचं काम करणारा हवा. त्याच्याकडून ज्या ज्या मुदतीत ट्रक गेले त्या मुदतींच्या आयसीपीची दुरुस्ती करून घ्या, सोबत रजिस्टर आणि कागद. आपण स्वतःहून गेलो, नोटीस आल्यावर नाही, याला दोन्ही देशांत वजन आहे. पण दुरुस्ती मान्य होईलच असं गृहीत धरून बसू नका. त्याच वेळी जर्मन करसल्लागाराचाही सल्ला घ्या, म्हणजे ज्याला तिथे श्टॉयरबेराटर म्हणतात त्याचा. माल जर्मनीत आहे, तेव्हा शेवटी प्रश्न जर्मन करखात्याचा आहे.

दुरुस्ती मान्य झाली नाही तर? पाठवल्या दिवसापासून जर्मनीत नोंदणी. डच कंपन्यांचं हे काम क्लेव्हच्या करकार्यालयात चालतं, नायमेखनच्या पलीकडे सीमेलगतच. पैशाचं काय होतं ते आकड्यात सांगतो, म्हणजे मनातली धास्ती कमी होईल. समजा एका ट्रकमध्ये दहा पॅलेट, पॅलेटला ८,००० युरो, एकूण ८०,०००. जर्मनीतल्या तुमच्या खरेदीवर १९ टक्क्यांनी १५,२०० युरो कर. तो त्याच विवरणपत्रात एका बाजूला देणं आणि दुसऱ्या बाजूला वजावट म्हणून दिसतो, हातातून काही जात नाही. त्यातले सहा पॅलेट विकले, म्हणजे ४८,००० युरो. त्यावर ९,१२० युरो जर्मन व्हॅट लावून जुन्या शून्य टक्क्याच्या बिलांऐवजी नवी बिलं द्यायची. कारखाना तो तुम्हाला देणार, तुम्ही क्लेव्हला भरणार, कारखाना वजावट घेणार. त्यांनाही आपली जुनी विवरणपत्रं दुरुस्त करावी लागतील, आणि हेच त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना आवडणार नाही. तुमच्या खिशातून खरं जाईल ते सल्लागाराची फी आणि उशीर धरला गेला तर व्याज किंवा दंड. धंदा बुडावा असं यात काही नाही.

आता ते चार पॅलेट. सवलतीची मुदत बारा महिने, आणि ती माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. ९ सप्टेंबर २०२५ ला पोचलेल्या मालाची मुदत ९ सप्टेंबर २०२६ ला संपते. १० तारखेला जे गोदामात उरेल ते आपोआप तुमची जर्मनीतली खरेदी ठरतं. महत्त्वाचं आहे ते उचलणं. बिल महिनाअखेर झालं तरी चालेल, पण पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या पुढे नको. प्रत्येक ट्रकचा काटा वेगळा चालतो. एकाच पार्ट नंबरचा माल दोन ट्रकमधून गेला असेल तर आधी आलेला आधी गेला असं धरता येतं, मग फोर्कलिफ्टवाल्याने कुठला पॅलेट ओढला याने फरक पडत नाही. तुमचे इम्पेलर मात्र जुन्या मॉडेलचे, फक्त पहिल्या ट्रकमधले. त्यांना हा आधार नाही.

दुसरा कारखाना दोन पॅलेट घेतोय, ते होऊ द्या. मुदतीच्या आत गिऱ्हाईक बदलता येतं. त्याच्याशी आधी करार करा, त्याचा जर्मन व्हॅट नंबर तपासा, रजिस्टरमध्ये बदल लिहा आणि आयसीपीत नव्या नंबरासह दाखवा. क्रम हाच ठेवा, माल हलण्याआधी कागद. माल जर्मनीतच राहतोय म्हणून हे सोपं आहे. उद्या ऑस्ट्रियातल्या कोणी मागितला आणि तुम्ही जर्मन गोदामातून तिकडे ट्रक लावलात, तर ट्रक निघण्याच्या आधीच्या क्षणी सवलत तुटते आणि जर्मनीतली नोंदणी गळ्यात येते. तशी मागणी आली तर माल आधी आइंडहोवनला आणा, परत आल्याची नोंद करा आणि इथून पाठवा. भाडं जास्त पडेल, तरी परवडेल.

उरलेल्या दोन पॅलेटांसाठी कारखान्याला आत्ताच विचारा, ९ सप्टेंबरच्या आत घेणार का. नाही म्हणाले तर मुदतीआधी परत आणा. माल प्रत्यक्ष आला पाहिजे, सीएमआरसकट. कागदावर आला आणि तिथेच राहिला असं करणारे पाहिलेत मी, आणि त्यांची पुढची वर्षं त्यातच गेली. एक-दोन नग गंजून भंगारात गेले तर तेही रजिस्टरमध्ये लिहा. संघाच्या व्हॅट समितीच्या मार्गदर्शनानुसार साठ्याच्या ५ टक्क्यांहून कमी घट किरकोळ मानून सोडून देतात. त्याहून जास्त असेल तर नष्ट झाल्याच्या किंवा कमी भरल्याच्या तारखेला तेवढ्या मालाची सवलत संपते.

पोलंडबद्दल दादांना माझा निरोप सांगा: नोंदणी आधी, ट्रक नंतर. तिथे गिऱ्हाईक ठरलेलं नाही, म्हणून १७ अ लागूच होत नाही. माल हलतो त्याच दिवशी नेदरलँड्समध्ये शून्य टक्क्याची विक्री आणि पोलंडमध्ये तुमची खरेदी. पोलिश व्हॅट नंबर हातात नसेल तर डच बाजूचा शून्य टक्काही धोक्यात येतो, कारण २०२० पासून पलीकडचा नंबर आणि बरोबर भरलेलं आयसीपी ही त्या शून्याचीच अट झाली आहे. नोंदणी झाली की पोलंडमधल्या विक्रीवर २३ टक्के, आणि दर महिन्याचं विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. गोदाम तिसऱ्याचं आणि काम त्याच्याच माणसांचं असेल तर ठीक. गोदाम स्वतःच्या नावावर भाड्याने घेऊन तिथे आपला माणूस बसवला, तर तो कायमचा ठिय्या ठरू शकतो आणि मग पोलंडमध्ये पुढे ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं तरी सवलत नाही. नुसत्या नोंदणीने मात्र सवलत जात नाही, ही भीती अनेकांना असते, ती काढून टाका. माझं मत विचाराल तर एक पक्कं पोलिश गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबा आणि तोवर नमुने इथूनच पाठवा. आइंडहोवनहून पोलंडला ट्रक दोन दिवसांत पोचतो.

अशाच प्रकारचं एक पत्र बर्लिनहूनही आलं आहे, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या ताईंचं, तेव्हा त्यांनाही इथेच सांगतो. जुलै २०२१ पासून घरगुती गिऱ्हाइकांना परदेशात पाठवलेल्या मालाचा व्हॅट ओएसएस या एकाच खिडकीवर भरता येतो. पण ओएसएस म्हणजे माल ठेवण्याचा परवाना नव्हे. विक्रीच्या संकेतस्थळाने तुमचा साठा आपल्या सोयीने पोलंड आणि चेकियाच्या गोदामांत वाटला, तर त्या दोन्ही देशांत नोंदणी लागते आणि मालाची हलवाहलव ओएसएसमध्ये दाखवता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन साठा फक्त जर्मनीत ठेवण्याचा पर्याय निवडा.

आणखी एक गोष्ट, करार लिहिताना उपयोगी पडेल. ११ मार्च २०२५ ला संघाने व्हॅटमधले मोठे बदल मंजूर केले. १ जुलै २०२८ पासून स्वतःचा माल एका देशातून दुसऱ्यात नेल्याची नोंद त्या एक खिडकीवरच करता येईल, आणि बाहेरच्या, तिथे नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने तिथल्या नोंदणीकृत कारखान्याला माल विकला तर कराचा हिशेब कारखान्याने करायचा, हे सगळ्या देशांत सक्तीचं होईल. तेव्हा १७ अ ची गरज उरणार नाही. ३० जून २०२८ नंतर त्याखाली नवा माल पाठवता येणार नाही, आणि ३० जून २०२९ ला ती सवलत पूर्ण बंद होईल. कारखाना पाच वर्षांचा करार पुढे करत असेल तर "करनियम बदलल्यास बिलाची पद्धत दोघांच्या संमतीने बदलेल" असं एक वाक्य घालून घ्या. पोलंडचा बेत तोवर लांबला तरी नुकसान नाही.

आता त्या ईमेलचं उत्तर. गप्प राहू नका आणि फार लिहूही नका. एवढंच कळवा: तिन्ही पाठवणींचं रजिस्टर आम्ही मूळ कागदांवरून तयार करत आहोत, दहा दिवसांत उतारा पाठवतो, तोवर तुमच्या रजिस्टरमधल्या माल पोचल्याच्या आणि उचलीच्या तारखा कृपया कळवाव्यात, आणि पहिल्या पाठवणीतल्या चार पॅलेटांपैकी दोनांची व्यवस्था दुसरीकडे करत आहोत, उरलेले दोन ९ सप्टेंबरच्या आत उचलणार का ते सांगावं. खाली तुमचं नाव, कंपनीचा व्हॅट नंबर आणि आजची तारीख. हे आज रात्रीच पाठवा, आणि त्यांच्या तारखा आल्या की मला पुन्हा लिहा.